कागदात गुंडाळलेल्या बाटल्या : प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष नवं नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडून वाढवलेल्या सोनाका आणि शरद सीडलेस या जाती जिल्ह्याच्या सीमेबाहेर लांबवर गेल्या. पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावात उन्हं तापायला लागली की शेडमधल्या जाळ्यांवर बेदाणा वाळत पडलेला दिसतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग विरळणी, जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) बुडवण्या, डावणी-भुरीच्या फवारण्या आणि आभाळ भरून आलं की उडणारी झोप हे सगळं इथल्या बागायतदाराला तोंडपाठ आहे. घड हातात घेऊन, एक मणी तोंडात टाकून साखर किती भरली हे सांगणारी माणसं गावोगाव सापडतात. पण त्याच फळाचा रस आंबवून बाटलीत भरला, की ही सगळी जाणकारी गप्प होते. बाटलीवर काय छापलंय आणि किंमत किती, यावरच आपण तिची लायकी ठरवतो.

हे पुस्तक त्या गप्प झालेल्या जिभेसाठी आहे. जगभरच्या स्वस्त, परवडणाऱ्या वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या, एकीची दुसरीशी तुलना करायची आणि जे जाणवलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवायचं, एवढाच याचा उद्योग. महागड्या वाइनवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ज्या बाटल्या साधी नोकरदार माणसं सणासमारंभाला खरोखर विकत घेतात, त्यांच्याकडे तेवढ्याच बारकाईने कुणीतरी बघायला हवं होतं.

आपल्या जिल्ह्याची स्वतःची वाइन आहे, हे आजही अनेक सोलापूरकरांना सांगावं लागतं. माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळच्या मोटेवाडीला फ्रटेलीची वायनरी आहे. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेक्री बंधू आणि इटलीतले सेची बंधू अशा तीन घरांनी २००७च्या सुमारास हे काम सुरू केलं. फ्रान्सहून सुमारे साडेतीन लाख रोपं आणून मोटेवाडी, गारवाड आणि निमगावच्या मिळून २४० एकरांवर लावली. टस्कनीतले जुने, मुरलेले वाइनकार पिएरो मासी यांनी वाइन घडवण्याची जबाबदारी घेतली. ऊस आणि साखर कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात इटलीतल्या किआंतीची सांजोवेझे ही जात अशी येऊन रुजली.

सोनाकाचे लांबट, भरदार घड पाहायची सवय असलेल्या माणसाला वाइनच्या द्राक्षाची बाग पहिल्यांदा पाहताना झाडाला काही रोग पडलाय की काय अशी शंका येते. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायच्या द्राक्षात आपण जे जे टाळतो ते इथे मुद्दाम हवं असतं, कारण लाल वाइनचा रंग सालीतून येतो आणि तुरटी साल-बियांतून. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळल्यासारखी होते ना, ती तुरटी म्हणजेच टॅनिन. साखरही जास्त लागते. २३-२४ ब्रिक्सचा, म्हणजे साधारण तेवढे टक्के साखर असलेला रस पूर्ण आंबला की साधारण १३ टक्के अल्कोहोलची कोरडी, गोडवा न उरलेली वाइन तयार होते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि तिथे काढणी येते सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतो. चवीतला बराचसा फरक इथूनच सुरू होतो.

आता परवडण्याचं. फ्रान्स-इटलीत जी बाटली तिथला मजूरही जेवणाबरोबर सहज घेतो, तीच सोलापुरात चैनीची वस्तू का होते? परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं एकूण १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आहे. म्हणजे आयातीची किंमत ४०० रुपये धरली, तर ६०० रुपये शुल्काचेच. बंदरातून बाहेर पडतानाच ती हजाराची झाली. त्यावर राज्याचे कर, आयातदाराचा, घाऊक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा नफा. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२पासून लागू झाला तेव्हा मोठी आशा वाटली होती. पण त्यातली सवलत मिळते ५ डॉलरपेक्षा जास्त आयात किंमत असलेल्या बाटलीला, आणि १५ डॉलरच्या वरच्या बाटलीला त्याहून अधिक. खऱ्या अर्थाने स्वस्त असलेल्या बाटलीच्या वाट्याला काहीच आलं नाही. देशी वाइन उत्पादकाला संरक्षण हवं हे मला मान्य आहे, पण सवलत द्यायचीच तर ती श्रीमंताच्या बाटलीपासून सुरू व्हावी, हे पटत नाही. म्हणून या पुस्तकात दोन मापं लावावी लागली. देशी बाटली हजार रुपयांच्या आतबाहेरची, आणि परदेशी बाटली तिच्या स्वतःच्या देशात साधी, रोजची गणली जाणारी, मग इथे तिचे दोन हजार का पडेनात.

तुलना करायची ती लेबल झाकून. या पद्धतीची ताकद जगाला दिसली ती २४ मे १९७६ रोजी. पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणाऱ्या स्टीव्हन स्परियर या इंग्रज गृहस्थाने फ्रान्सच्या नामवंत वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या तेव्हा फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या वाइन एकत्र मांडल्या. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच आणि आपापल्या क्षेत्रातले मातब्बर. गुणांची बेरीज झाली तेव्हा पांढऱ्यात शातो माँटेलेनाची १९७३ची शार्डने पहिली आली आणि लालमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ची कॅबर्ने. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. एकच पत्रकार हजर होता, टाइम साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या छोट्याशा बातमीने वाइनच्या जगातली उतरंड हलली. मला या हकिकतीचा पुढचा भाग जास्त जवळचा वाटतो. याच स्परियरनी उतारवयात मासींच्या जोडीने अकलूजच्या द्राक्षांपासून एम/एस या नावाच्या वाइन सिद्ध केल्या. पॅरिसमध्ये लेबलं झाकणाऱ्या माणसाची जीभ आपल्या माळशिरस तालुक्याच्या कामी आली, ही गोष्ट जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही माहीत असायला हवी असं मला वाटतं.

पदकांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कॅलिफोर्निया स्टेट फेअर ही अमेरिकेतली जुनी स्पर्धा. २००७मध्ये तिथे चार्ल्स शॉ या नावाच्या शार्डनेने वरचा मान पटकावला. ही वाइन दुकानात दोन डॉलरला मिळायची. तेव्हा स्वस्ताच्या बाजूचे लोक हरखून गेले. पण त्याच स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या वाइन उत्पादकाने परीक्षकांचीच परीक्षा घेतली होती. एकाच बाटलीतली वाइन एकाच बैठकीत तीनदा, न सांगता, वेगवेगळ्या क्रमांकाने पुढे ठेवायची आणि गुण जुळतात का पाहायचं. त्याचे निष्कर्ष २००८मध्ये छापून आले. आपल्याच गुणांशी नीट जुळवून घेता आलं ते साधारण दहातल्या एका परीक्षकाला. त्याआधी, २००१मध्ये, बोर्दोच्या फ्रेदेरिक ब्रोशे यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळा जिभेला किती सहज फिरवतो, ते यातून कळतं. यातून कुणी असंही काढतात की चव वगैरे सगळं थोतांड आहे. मी तसं मानत नाही. एका माणसाचं एका वेळचं मत कच्चं असतं. तेच चार जणांनी, पुन्हा पुन्हा, झाकून, शेजारी दुसरी बाटली ठेवून तपासलं, की त्यातलं टिकणारं उरतं.

आमच्या बैठका सात रस्त्याजवळच्या एका स्नेह्यांच्या घरी होतात. शहराच्या कुठल्याही बाजूहून तिथे येणं सोयीचं पडतं. एक द्राक्ष बागायतदार, एक निवृत्त बँक अधिकारी, एक दंतवैद्य, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई, घरचे यजमान आणि मी. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर स्केचपेनने आकडे घालण्याचं काम यजमानीण वहिनींचं. त्या स्वतः थेंबभरही घेत नाहीत, नुसता वास घेतात, आणि आमच्या सगळ्यांत तल्लख नाक त्यांचं आहे. काळा मसाला भाजताना धने कधी उतरवायचे आणि खोबरं कधी, हे आयुष्यभर वासावर ठरवणाऱ्या बाईला ओक लाकडाचा वास वेगळा काढायला कसला वेळ लागतो? ग्लास सगळे एकाच आकाराचे, तोंडाशी निमुळते. ओतायची ती जेमतेम ५०-६० मिली. पुढ्यात थुंकायला वाटी, प्यायला पाणी, तोंड साफ करायला ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा. गुण लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, हा नियम विज्ञानाच्या बाईंनी घातला आणि तो फार मोलाचा ठरला. पहिला माणूस मोठ्याने काही म्हणाला, की बाकीच्यांना तेच जाणवू लागतं.

एक बैठक इथे सांगतो. दोनच बाटल्या, दोन्ही लाल. पहिलीचा रंग इतका फिका की ग्लासमागे धरलेलं बोट दिसावं. वासाला करवंदं आणि थोडा सुक्या पाल्याचा गंध. जिभेवर आधी आंबटपणा उमटला, तुरटी मागून आली आणि गिळल्यावर दाढांपाशी रेंगाळली. दुसरी गडद. वासात पुरतं पिकलेलं जांभूळ, त्यामागे लाकूड. तोंडात भरगच्च, मऊ, आंबटपणा बेताचा. बागायतदारांनी दोन्ही ग्लास पुन्हा एकदा पुढे ओढले. म्हणाले, “हा दुसरा माल उन्हातला हाय. ह्या पहिल्याला रातची थंडी चांगली लागलीया, साखर दमानं भरलीया.” कागद सोडवले तेव्हा पहिली इटलीची साधी किआंती निघाली आणि दुसरी आपल्या अकलूजची सांजोवेझे. जात एकच. रात्री उष्ण असल्या की मण्यातलं मॅलिक ॲसिड झपाट्याने घटतं, हे विज्ञानाच्या बाईंनी नंतर समजावलं. बागायतदारांना ते आम्लाचं नाव ठाऊक नव्हतं, त्याचा परिणाम ठाऊक होता. त्या रात्री कोणती सरस यावर आमचं एकमत झालं नाही आणि पुस्तकातही आम्ही ते तसंच ठेवलं आहे. नुसती चाखताना तिघांना किआंती आवडली. मटणाचा रस्सा पानात आल्यावर त्यातले दोघे अकलूजकडे वळले.

या बैठकीनंतर पुस्तकाची मांडणी पक्की झाली. प्रकरणं देशवार केली असती तर पुस्तक दिसायला भारदस्त झालं असतं, पण फ्रान्स विरुद्ध चिली अशा तुलनेतून हाती काही लागत नाही. इथे एकेका द्राक्षाच्या जातीचं एकेक प्रकरण आहे. सगळ्यात मोठं शेनिन ब्लाँचं. ही पांढरी जात मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. दक्षिण आफ्रिकेत ती स्टीन नावाने इतकी पसरली की आज तिथे सर्वांत जास्त लागण तिचीच आहे. नाशिकला राजीव सामंत यांनी सुलाच्या पहिल्या वेली लावल्या त्यात सोव्हिन्यॉन ब्लाँबरोबर हीही होती, आणि आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या दुकानात हजाराच्या आत दोन-तीन शेनिन सहज मिळतात. आंबटपणा धरून ठेवणं हा तिचा अंगचा गुण, म्हणून आपल्या उन्हातही ती तग धरते. नाशिकची शेनिन पेरू-अननसाकडे झुकते, दक्षिण आफ्रिकेची अधिक खडखडीत, आणि ल्वारच्या वूव्रेमध्ये ओल्या लोकरीसारखा एक विचित्र वास येतो, जो पहिल्यांदा नकोसा वाटतो आणि नंतर तोच शोधत बसावंसं वाटतं. ज्याला पैसे कमी घालवून जास्त शिकायचंय, त्याने शेनिनपासून सुरुवात करावी.

चिलीच्या कार्मेनेरला मी दुसरी मोठी जागा दिली, कारण ती कहाणी बागायतदारांना आपलीशी वाटेल. चिलीतले शेतकरी वर्षानुवर्षं मर्लो समजून एक जात लावत आणि विकत होते. १९९४मध्ये फ्रान्सच्या ज्याँ-मिशेल बुर्सिको यांनी बागेत वेली निरखून सांगितलं की ही मर्लो नव्हेच. बोर्दोतून जवळपास नाहीशी झालेली कार्मेनेर आहे. मर्लोपेक्षा ती उशिरा पिकते, आणि दोन्हींची तोडणी एकदम झाली की कार्मेनेर कच्ची राहून वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. स्वस्त चिलियन लालमध्ये हा वास आजही अधूनमधून भेटतो. अर्जेंटिनाची माल्बेक, ऑस्ट्रेलियाची शिराझ, आणि जात नसून वाइनचा प्रकार असलेली पोर्तुगालची विन्हो व्हेर्दे यांना छोटी प्रकरणं आहेत. परदेशी असलेल्या मुलामुलींनी विमानतळावरच्या २ लिटरच्या सवलतीतून आणलेल्या बाटल्यांनी त्यांतल्या काही जागा भरून काढल्या.

गोव्याच्या गोड पोर्टला नाकं मुरडणारे खूप आहेत. सोलापुरातल्या कित्येकांनी आयुष्यातली पहिली वाइन म्हणून हीच घेतली, गोव्याच्या सहलीत. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टमध्ये आंबणं मध्येच थांबवायला द्राक्षाचं स्पिरिट घालतात, म्हणून तिची ताकद २० टक्क्यांच्या आसपास जाते. गोव्यातली ती वेगळीच चीज आहे, पण ज्यांना ती आवडते त्यांना हिणवून काहीही साधत नाही. गोड आवडणाऱ्या जिभेला हळूहळू कोरड्याकडे कसं आणावं, यावर पुस्तकात चार पानं खर्च केली आहेत.

उन्हाबद्दल नेटाने सांगायला हवं. सोलापुरात पारा ४३-४४ अंशांवर जातो. लाल वाइन घरातल्या तापमानाला द्यावी हा सल्ला थंड देशांतला, जिथलं घर १६-१८ अंशांवर असतं. आपल्याकडे लाल बाटलीही पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवूनच उघडावी, नाहीतर अल्कोहोल नाकात शिरतं आणि फळाचा वास मरतो. त्याहून मोठा धोका दुकानात असतो. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेली बाटली आतून शिजते. तिला मुरंब्यासारखा उग्र वास येतो, बूच कधी कधी वर सरकलेलं दिसतं. माझ्या वाट्याला अशा बाटल्या आल्या आहेत आणि त्यात वाइन बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. दुकान थंड आहे का ते बघा, बाटलीवरचं साल वाचा. स्वस्त पांढरी वाइन जुनी होऊन सुधारत नाही. दोन वर्षांच्या आत संपवलेली बरी. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून बाटली हलकी समजू नका. बुचाला लागणारी बुरशीची बाधा या झाकणाने टळते.

आणि जेवण. आपली शेंगाची चटणी, लसणाचा ठेचा, सावजी मटण यांच्यापुढे जड, तुरट लाल वाइन ठेवली तर तोंडात नुसती आग होते, कारण अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखट आणखी भडकवतात. गार केलेली, किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची शेनिन किंवा रोझे तिथे शोभते. हुरड्याबरोबर कोरडी पांढरी फार सुरेख लागते. पण हुरड्याच्या रानात बाटली नेण्याआधी सोबत कोण आहे याचा विचार करा.

कारण वाइन ही दारू आहे. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असं मोठमोठ्याने सांगितलं गेलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, वाद पेटला आणि निर्णय अमलात आला नाही. वाइनवर प्रेम करणारा माणूस म्हणून मी त्या वेळी विरोधकांच्या बाजूने होतो आणि आजही आहे. बाटलीत १३ टक्के अल्कोहोल असताना ती दारू नव्हे म्हणणं खोटं आहे. या शहरातल्या विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांनी व्यसनाची किंमत मोजली आहे. त्या घरांसमोर शब्दांचे खेळ करू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. हृदयाला चांगली म्हणून वाइन घ्या असं या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. जे घेत नाहीत त्यांनी सुरू करू नये. जे घेतात त्यांनी परवाना काढावा, थोडी घ्यावी, निम्मी थुंकावी आणि गाडी चालवू नये. आमच्या बैठकीत थुंकण्याची वाटी भरलेली दिसली नाही, तर यजमान पुढची बाटली उघडत नाहीत.

प्रत्येक नोंदीत बाटलीचं नाव, द्राक्षाची जात, काढणीचं साल, कुठे घेतली, झाकून दिलेले गुण आणि कागद सोडवल्यावर बदललेली मतं, सगळं दिलं आहे. किमती खरेदीच्या दिवसाच्या आहेत, त्या बदलतील. पान उघडलं की उजवीकडे एक मोकळा रकाना दिसेल. तिथे तुमचे गुण पेन्सिलीने लिहा, पेनने नको. सहा महिन्यांनी तीच बाटली पुन्हा झाकून चाखाल तेव्हा ते खोडावे लागण्याची बरीच शक्यता आहे. पहिल्या बैठकीला दोन शेनिन पुरेत, एक नाशिकची आणि एक अकलूजची, एकाच सालातल्या. चौघांत मिळून घ्या, म्हणजे माणशी खर्च पाचशेच्या आत राहतो आणि उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी, रात्रभर फ्रीजमध्ये राहिल्यावर कशी लागते, तेही पाहून होतं.

सात रस्ता, सोलापूर